यकृतानंतर काय? – मद्यार्काच्या अवशेषांचे इतर ऊतींमध्ये होणारे ज्वलन

उच्च प्राथमिक वर्गांत व्यसनांचे दुष्परिणाम शिकविताना आपण बहुतेक सर्वजण एकच वाक्य सांगून पुढे जातो : ‘दारूने यकृत बिघडते.’ वाक्य खरे आहे. परंतु ते इतके अपुरे आहे की, त्याच्यातून निघणाऱ्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देणे कठीण होऊन बसते. काही काळापूर्वी एका शाळेच्या तपासणीस गेलो असता सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी असाच एक पाठ ऐकत होतो. पाठ संपता संपता एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, आमचे बाबा दिवसभर ऊस तोडतात, अंगातून घामाच्या धारा लागतात. मग दारू त्या घामाबरोबर निघून जात असेल ना?” गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी बाहेर पाहिले. त्या प्रश्नात कुतूहल थोडे आणि आशा फार होती, हे आम्हा दोघांनाही कळले होते. पण शास्त्रशुद्ध उत्तर त्या घटकेला आम्हा दोघांपाशीही नव्हते. त्यानंतर ह्या विषयाचे जे वाचन केले ते शिक्षकबंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडीत आहे.

आरंभ आपल्या परिचयाच्या वस्तूपासून करू. माडाची किंवा शिंदीची नीरा पहाटे उतरविली की गोड असते. उन्हे चढतात तसे यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव तिच्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात व नीरेची ताडी होते. तीच ताडी उघडी पडून राहिली तर आणखी काही दिवसांनी आंबट होते, तिला झोंबणारा वास येतो आणि तिचा सिरका बनतो. ह्या शेवटच्या अवस्थेत दुसऱ्याच एका जातीचे जीवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने मद्यार्काचे प्रथम अॅसिटाल्डिहाइड व नंतर अॅसिटिक आम्ल करतात. माणसाच्या यकृतात दारूचे जे होते, ते रसायनाच्या दृष्टीने हेच होय. पायऱ्या त्याच, क्रमही तोच. फरक एवढाच की, मडक्यातील सिरका मडक्यात राहतो. यकृतातील सिरका रक्तात उतरतो आणि सर्व शरीरभर फिरतो.

प्यालेल्या मद्यार्कापैकी थोडा भाग जठरातून व बराच मोठा भाग लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. श्वास, लघवी आणि घाम ह्या तिन्ही वाटांनी मिळून त्यातला साधारणतः २ ते १० टक्के एवढाच भाग जसाच्या तसा बाहेर पडतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच मिळते. घामाची वाट आहे. परंतु ती इतकी अरुंद आहे की, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. उरलेल्या ९० टक्क्यांहून अधिक मद्यार्काचा समाचार शरीराला रासायनिक मार्गानेच घ्यावा लागतो आणि ह्या कामाचा पहिला व सर्वांत मोठा वाटा यकृत उचलते. यकृताच्या पेशींतील एक विकर (अल्कोहोल डिहायड्रोजनेज) मद्यार्कातील हायड्रोजन काढून घेऊन अॅसिटाल्डिहाइड बनविते. लगेच दुसरे विकर (अॅल्डिहाइड डिहायड्रोजनेज), जे मुख्यतः पेशींतील तंतुकणिकांमध्ये असते, ते अॅसिटाल्डिहाइडचे अॅसिटेट, म्हणजे सिरक्यातील आम्लाचेच क्षाररूप, बनविते. अॅसिटाल्डिहाइड हा पदार्थ विषारी आहे, म्हणून ही दुसरी पायरी लवकर उरकणे अगत्याचे असते; आणि निरोगी यकृत ती उरकतेही.

यकृताचा हा वेग मात्र जवळजवळ ठरलेला असतो. प्रौढ माणसाचे यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हाताळते. समोर पाच ग्रॅम पडला काय किंवा पन्नास ग्रॅम पडला काय, त्याची चाल फारशी बदलत नाही. एक हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. १८० मिलिलिटरच्या बाटलीतील दारूत घनफळाने ४२.८ टक्के मद्यार्क असेल, तर त्याचे घनफळ ७७ मिलिलिटर होते. मद्यार्काची घनता ०.७९ धरली, तर वजन भरते सुमारे ६१ ग्रॅम. तासाला ८ ग्रॅम ह्या वेगाने तो संपविण्यास साडेसात तासांहून अधिक वेळ लागेल. रात्री दहाला बाटली रिकामी करणारा मनुष्य पहाटे साडेपाचला ट्रॅक्टरवर बसतो, तेव्हा त्याच्या रक्तात मद्यार्क अजून असू शकतो, मग तो स्वतःला कितीही शुद्धीवर समजत असो. सहावी-सातवीची मुले हे गणित सहज सोडवितात.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. यकृताने बनविलेल्या अॅसिटेटचे पुढे काय होते? ते तेथल्या तेथे जळून जात असेल, असे पुष्कळ काळ गृहीत धरले जात होते. कोपनहेगन येथील संशोधक फ्रँक लुंडक्विस्ट ह्यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, दारू प्यालेल्या माणसाच्या रक्तात अॅसिटेटचे प्रमाण नेहमीपेक्षा कित्येक पटींनी वाढते. पुढे १९६२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत बारीक नळी घालून तेथील रक्ताची तपासणी केली, तेव्हा यकृत हे अॅसिटेट स्वतः न वापरता त्याचा बहुतेक भाग रक्तात सोडून देते, हे स्पष्ट झाले. नंतरच्या प्रयोगांतही हाच निष्कर्ष निघाला. १९९९ च्या एका अभ्यासात यकृताने मोडलेल्या मद्यार्कापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अॅसिटेटच्या रूपाने रक्तात उतरलेला आढळला.

यकृत असे का करते, हे समजून घेण्यासारखे आहे. मद्यार्कातून काढलेला हायड्रोजन उचलून नेण्याकरिता पेशीत एनएडी नावाचे सहविकर असते (ते नायसिन ह्या ब-जीवनसत्त्वापासून बनते). त्याला बाजार समितीतील हमालाची उपमा द्यावी. मद्यार्काची गाडी आली की, सगळे हमाल त्याच मालाला लागतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर पोते चढते. रिकामा हमालच न उरल्यामुळे यकृताची इतर कामे अडतात. अन्नाचे अखेरचे ज्वलन ज्या चक्रात होते, ते क्रेब्ज चक्र तेथे मंदावते. स्निग्ध पदार्थांचे ज्वलन थांबून चरबी पेशींत साचू लागते. आणि उपाशीपोटी रक्तातील साखर टिकविण्यासाठी यकृत जी नवी साखर तयार करते, तेही काम खुंटते. शिवाय अॅसिटेटला जाळण्यायोग्य करणारे जे विकर तंतुकणिकांत लागते, ते यकृतात फारच थोडे आणि हृदयात, स्नायूंत भरपूर असते. तेव्हा यकृत हे सिरका गाळणारे घर आहे. तो जाळण्याची चूल मात्र दुसऱ्यांच्या घरी आहे.

ही चूल आपल्या शरीरात दारूसाठी मांडलेली नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आपल्या दारातला बैल पाहा. कडब्यात आणि गवतात जे सेल्युलोज असते, ते बैलाला स्वतःला पचविता येत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील असंख्य सूक्ष्म जीव ते आंबवितात आणि त्यातून जी आम्ले बनतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा अॅसिटिक आम्लाचा असतो. ते रक्तात जाते आणि नांगर ओढणारे स्नायू त्याच्यावर चालतात. गाईच्या दुधातील लोण्याचाही पुष्कळसा भाग ह्याच अॅसिटेटपासून घडतो. माणसातही लहान प्रमाणावर हेच घडते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतील, डाळींच्या टरफलांतील व भाज्यांतील जो चोथा लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवितात आणि त्यातून निघालेले थोडेसे अॅसिटेट रात्रंदिवस रक्तात येत असते. ते वापरण्याची सोय आपल्या ऊतींमध्ये मुळातच आहे. दारूतून येणारे अॅसिटेट त्याच वाटेने जाते. मात्र वाट पायवाटेइतकी आणि त्यावर लोंढा गाड्यांचा, अशी अवस्था होते. तासाला ८ ग्रॅम मद्यार्क मोडला, तर सुमारे १० ग्रॅम अॅसिटिक आम्ल तयार होते. ४ टक्के आम्लाच्या सिरक्याच्या मापाने बोलावयाचे, तर यकृत दर तासाला जवळजवळ पाव लिटर सिरक्याइतके आम्ल शरीरात सोडते!

रक्तातील अॅसिटेट फार वेळ रेंगाळत नाही. सांगाड्याला जोडलेले स्नायू, हृदय, मूत्रपिंडे आणि मेंदू ते उचलून घेतात आणि काही मिनिटांतच त्याचा एकेक रेणू कामी लागतो. पेशीत शिरल्यावर प्रथम त्याला को-एन्झाइम ए ह्या सहविकराशी जोडावे लागते. अशा जोडलेल्या, ‘जागृत’ झालेल्या अॅसिटेटला अॅसिटिल को-एन्झाइम ए म्हणतात. को-एन्झाइम एचा शोध फ्रिट्झ लिपमान ह्यांनी लावला आणि त्यांना हान्स क्रेब्ज ह्यांच्यासमवेत १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या क्रेब्ज चक्राचा उल्लेख वर आला आहे, ते ह्याच क्रेब्ज ह्यांनी १९३७ मध्ये उलगडले होते. भाकरी, तेल, डाळ ह्यांपैकी काहीही खाल्ले, तरी अखेरीस त्यांचा मोठा भाग ह्याच अॅसिटिल रूपात येऊन त्या चक्रात पडतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर जातो. दारूचा अवशेषही तेथेच येऊन मिळतो. प्यालेल्या मद्यार्काचा शेवट असा अधिकतर यकृतात न होता दंडा-मांड्यांच्या स्नायूंत आणि हृदयात होतो.

ह्या चक्राच्या एका महत्त्वाच्या पायरीवर थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, लागते. नित्य मद्यपान करणाऱ्याचा आहार तुटपुंजा असतो आणि आतड्यातून थायामिनचे शोषणही मद्यार्कामुळे घटते. म्हणजे चुलीत सरपण वाढत जाते आणि हवा कमी होत जाते. ही कमतरता फार वाढली की मेंदूवर गंभीर परिणाम होतो. डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे, बुद्धीचा गोंधळ उडणे ही त्याची लक्षणे होत. अशा माणसाला ‘अजून उतरली नाही’ असे म्हणून घरी पडू देणे घातक ठरू शकते.

आता त्या ऊस तोडणाऱ्या बापाकडे परत येऊ. त्याचे स्नायू राबतात, ते अॅसिटेट जाळतात, हे खरे. मग श्रमाने दारू लवकर का उतरू नये? कारण अडचण स्नायूंच्या दारात नसून यकृताच्या दारात आहे. स्नायूंना मद्यार्क मोडता येत नाही म्हटले तरी चालेल. त्यासाठी लागणारे विकर त्यांच्यात अत्यल्प आहे. यकृताने मोडून दिलेला तुकडा तेवढा ते जाळू शकतात. दळणाच्या गिरणीत एकच जाते असेल, तर भाकऱ्या थापणाऱ्या बायका दुप्पट झाल्याने पीठ लवकर दळून होत नाही. हीच गोष्ट थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, ताक आणि कडक चहा-कॉफी ह्यांची. ह्यांपैकी कशानेही रक्तातील मद्यार्क लवकर उतरत नाही. कॉफीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तिच्यावर लोकांचा फार विश्वास असतो. अॅसिटेटला को-एन्झाइम ए जोडताना पेशीचे ऊर्जाद्रव्य (एटीपी) खर्च होते व त्यातून शेवटी अॅडिनोसिन नावाचा पदार्थ वाढतो. हा पदार्थ रक्तवाहिन्या सैल करतो व झोप आणतो. कॉफीतील कॅफीन अॅडिनोसिनला अटकाव करते, म्हणून पिणाऱ्याची झापड उडते. पण मद्यार्क जेथल्या तेथेच राहतो. दारुड्याचा जागा दारुडा होतो, एवढाच काय तो लाभ! १९१० सालच्या नव्हे, तर २०१० सालच्या उंदरांवरील प्रयोगांत मद्यपानानंतरच्या डोकेदुखीतही अॅसिटेटचा हात असावा, असे दिसून आले आहे. आमच्या पिढीला हे सगळे श्रेय केवळ अॅसिटाल्डिहाइडला देण्याची सवय होती, म्हणून हे सांगितले.

‘दारू पोटाला आधार देते’ असेही आपण ऐकतो. मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून सुमारे ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे वरच्या बाटलीतून सवाचारशे किलोकॅलरींहून थोडी अधिक. आकडा पाहून कोणी भुलेल. परंतु तिच्यात प्रथिन नाही, लोह नाही, जीवनसत्त्व नाही, आणि ती साठवून ठेवण्याची शरीराला सोय नाही. आली की तिला जाळावेच लागते. म्हणून स्नायू आपले नेहमीचे सरपण बाजूला सारतात. वर उल्लेखिलेल्या १९९९ च्या अभ्यासात निरोगी पुरुषांना केवळ २४ ग्रॅम मद्यार्क दिल्यावर त्यांच्या संपूर्ण शरीरातील चरबीचे ज्वलन जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटले. मद्यार्कापासून स्वतः नवी चरबी फारच थोडी बनली. पण अन्नातील चरबी जळावयाची राहून गेली. पोट सुटलेला आणि दंड वाळलेला दारुडा आपण गावोगाव पाहतो. दंड वाळण्यास आणखीही कारणे आहेत. स्नायूंत नवी प्रथिने बनण्याचा वेगच मद्यार्कामुळे कमी होतो.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, यकृताबाहेर केवळ निरुपद्रवी अॅसिटेटच पोहोचते. तसे असते तर ह्या लेखाची गरजच नव्हती. अॅसिटाल्डिहाइड हे विष यकृताबाहेरही निर्माण होते आणि तेथे त्याचा निकाल लावणारी विकरे सर्व ठिकाणी पुरेशी नसतात. तोंडातील व मोठ्या आतड्यातील जीवाणू मद्यार्कापासून अॅसिटाल्डिहाइड बनवितात. लाळेत ते घोटागणिक वाढते आणि तोंड, घसा व अन्ननलिका ह्यांच्या अस्तराला भिडते. पेशींतील डीएनएला चिकटून त्यात बिघाड करण्याचा त्याचा गुणधर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पुढे मद्यपानाशी संबंधित अॅसिटाल्डिहाइडलाही त्याच गटात स्थान मिळाले. आपल्याकडे दारूबरोबर तंबाखूही असते, आणि दोहोंचा एकत्र परिणाम तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका पुष्कळच वाढवितो.

मेंदूत यकृतासारखे अल्कोहोल डिहायड्रोजनेज नाममात्र असते. तेथे कॅटलेज हे विकर मद्यार्काचे अॅसिटाल्डिहाइड बनविण्यात भाग घेते. (जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले असता जो फेस येतो, तो ह्याच कॅटलेजचा प्रताप होय, हा प्रयोग कच्च्या बटाट्याच्या फोडीवर वर्गात करून दाखविता येतो.) उलट बाजूने पाहता, अॅसिटाल्डिहाइडचा नाश करण्याचे काम केवळ यकृताचे नाही, हेही अलीकडे कळले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या उंदरांच्या फक्त यकृतातून ते नाशक विकर काढून टाकले होते, त्यांच्या रक्तात अॅसिटाल्डिहाइड वाढले खरे. परंतु ज्यांच्या सर्वच ऊतींतून ते काढले होते, त्यांच्याइतके वाढले नाही. इतर ऊतीही मूकपणे हातभार लावीत असतात, हा त्याचा अर्थ. जपान, चीन व कोरिया येथील पुष्कळ लोकांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यांचा चेहरा एक पेला घेताच लाल होतो, छाती धडधडते व मळमळते. अशी माणसे पीत राहिली, तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो.

ह्याच विकराला मुद्दाम अडविणारे डायसल्फिराम नावाचे औषध कोपनहेगनमधील हाल्ड व याकोबसेन ह्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्धीस आणले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की, रक्तात अॅसिटाल्डिहाइड साठून त्याचा जीव घाबरा होतो. वैद्यकीय देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने, हृदयाची तपासणी करून ते दिले जाते व काहींना त्याचा उपयोगही होतो. पण आठवड्याच्या बाजारात आणि एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण पाहतो. अशा पुडीत काय असते ते कोणी सांगत नाही. तिच्यात हे औषध असेल आणि नकळत ते पोटात गेलेल्या माणसाने नेहमीप्रमाणे भरपूर दारू घेतली, तर रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. एखादी माउली शाळेत येऊन अशा पुडीविषयी सल्ला विचारते, असा माझा अनुभव आहे. तिला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. पुडीचे समर्थन करू नये.

हृदय व स्वादुपिंड ह्या अवयवांविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९८६ मध्ये संशोधकांनी दाखविले की, जेथे मद्यार्क मोडण्याची नेहमीची सोय नाही, अशा ऊतींत मद्यार्क स्निग्धाम्लांशी जोडला जाऊन एक प्रकारची एस्टरे तयार होतात. ती स्वादुपिंडात, हृदयात, चरबीत व मेंदूत आढळली, आणि नेमक्या ह्याच अवयवांपैकी कित्येकांवर मद्यपानाचे आघात दिसतात. स्वादुपिंडाच्या सुजेने पोटात कळा येऊन आडवा झालेला मनुष्य ‘माझे यकृत तर चांगले आहे’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

मेंदूविषयीचे नवे संशोधन तर मला सर्वांत विचार करावयास लावणारे वाटले. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत मद्यार्कापासून आलेल्या अॅसिटेटचा माग काढला. स्मरणशक्तीशी संबंध असलेल्या भागातील पेशींच्या केंद्रकापर्यंत ते पोहोचले होते व ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेले असते, त्या हिस्टोन प्रथिनांना जाऊन चिकटले होते. असे चिकटल्याने कोणती जनुके काम करतील हे बदलते. दारूच्या जागेची, सोबतीची, वासाची आठवण व्यसनी माणसाला इतकी का छळते, ह्याचा एक धागा येथे असावा. त्याच संशोधनात गाभण मादीला मद्यार्क दिला असता अॅसिटेट पोटातील पिल्लांच्या मेंदूपर्यंतही गेलेले दिसले. गर्भवती स्त्रीला ‘अंग दुखते, थोडी घे’ असे सांगणारे लोक आजही आहेत.

भरपूर पिणाऱ्यांचा मेंदू साखरेबरोबर अॅसिटेटवरही चालावयास शिकतो, असे २०१३ मधील एका अभ्यासात दिसले. म्हणून दारू एकदम बंद झाली की, मेंदूचे एक सरपण तुटते व बेचैनी वाढते, असा तर्क मांडला गेला आहे. सकाळी हात थरथरतात आणि एक घोट घेतला की स्थिरावतात, त्याचे प्रमुख कारण मात्र निराळे आहे : मद्यार्काच्या दडपणाखाली सतत राहिलेली मज्जासंस्था स्वतःला अधिक उत्तेजित ठेवावयास शिकलेली असते आणि दडपण उठताच ती उसळते. ही उसळी तीव्र असेल, तर फिट्स येतात व भ्रम होतो. तेव्हा अनेक वर्षांच्या पिणाऱ्याला ‘उद्यापासून थेंबही नको’ म्हणून खोलीत कोंडून घालणे हा उपचार नव्हे. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

शेवटी मेथिल अल्कोहोलचा, म्हणजे विषारी दारूतील द्रव्याचा विचार करू. मुंबईत विक्रोळी येथे २००४ मध्ये आणि मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूने बळी घेतले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. हे द्रव्य यकृतातील त्याच दोन प्रकारच्या विकरांच्या हाती सापडते. पण त्याचा शेवट अॅसिटेटमध्ये न होता फॉर्मिक आम्लात होतो, जे लाल मुंगीच्या दंशात असते. अॅसिटेट जाळण्याची चूल प्रत्येक स्नायूत आहे. फॉर्मिक आम्लाची तशी चूल माणसाच्या शरीरात नाही. फॉलिक आम्लाच्या साहाय्याने ते फार सावकाश नाहीसे होते, तोवर साचत राहते आणि तंतुकणिकांतील श्वसनाचे अखेरचे विकर रोखून धरते. दृष्टिज्जूच्या पेशी प्रथम गुदमरतात. पिणाऱ्याला डोळ्यांसमोर धुके किंवा पांढरेपणा दिसतो, आणि तोही पुष्कळदा १२ ते २४ तासांनी, म्हणजे नशा उतरल्यावर. त्यामुळे ‘आता बरा आहे’ म्हणून घरचे निर्धास्त असतात तेव्हाच खरा धोका सुरू झालेला असतो. दिसणे अंधुक झाले, श्वास जोरात चालू लागला, पोटात कळा आल्या की, त्या क्षणी रुग्णालय गाठावे; तेथे ह्यावर उतारा असतो.

शिक्षकांना ज्या प्रसंगांना प्रत्यक्ष तोंड द्यावे लागते, ते दोन. एक, लहान मुलाने चुकून घरातील दारू पिणे. मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि वर सांगितल्याप्रमाणे नवी साखर बनणे थांबलेले असते. त्यामुळे त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरून ते बेशुद्ध पडू शकते, आकडीही येऊ शकते. ‘झोपू द्या, उतरेल’ हे येथे चालणार नाही. दुसरा प्रसंग मूल शाळेत येऊन सांगते तो : बाबा रात्रीपासून उठत नाहीत. हाक मारून, हलवून मनुष्य जागा होत नसेल, श्वास संथ वा अडखळत असेल, अंग गार पडले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर त्याला कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि तोंडात पाणी, लिंबू वा कॉफी काहीही घालू नये.

पाठ घेताना मात्र वर्गातील ज्या मुलाच्या घरी हा प्रश्न आहे, त्याच्याकडे पाहून बोलू नये व त्याच्या घरचे उदाहरण घेऊ नये. नीरेपासून सिरक्यापर्यंतची गोष्ट, कडबा खाणारा बैल आणि बाटलीचे गणित एवढ्या साहित्यावर दोन तासिका सहज भरतात. त्या सातवीच्या मुलाला मी पुढच्या भेटीत उत्तर दिले. घामाची वाट लहान आहे, हे त्याला सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “मग यकृताला सुट्टी दिली तर ते बरे होते का?” चरबी साचण्याच्या पहिल्या अवस्थेत दारू पूर्ण थांबविली, तर काही आठवड्यांत ती चरबी बहुधा ओसरते, यकृत निबर होऊन त्यात गाठी धरल्यावर तेवढी आशा उरत नाही. हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले.